एक नदी, आठ गाणी: विषयाला धरून अल्बम कसा बांधावा

काही वर्षांपूर्वी मी पावसावर नऊ गाण्यांचा अल्बम केला. चाली मेहनतीने बांधल्या होत्या, गाणारे सुरेल होते, विषय तर सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. घरी चार जणांना बसवून सलग ऐकवला, तेव्हा पाचव्या गाण्याच्या मुखड्यावर बहिणीने विचारलं, "हे मघाशी झालं ना गं?" झालं नव्हतं. पण तिचं चुकलं नव्हतं. नऊपैकी सहा गाणी दादरा तालात होती, सात गाण्यांची सुरुवात बासरीने होती आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यात कुणीतरी खिडकीशी बसून पाऊस बघत होतं.

पुढच्या कामात मी दुसऱ्या टोकाला गेले. पुणे शहरावरची सात गाणी: एक लावणी, एक गझल, एक रॉक, एक भारूड, असं सगळं. तीन वेगळ्या स्टुडिओंत, तीन वेगळ्या संयोजकांकडून. प्रत्येक गाणं सुटं ऐकलं की छान वाटायचं, सलग ऐकलं की कुणीतरी रेडिओचं बटण फिरवतंय असं वाटायचं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं. विषय एक असला की अल्बम एक होतो, असं मी धरून चालले होते. विषय कागदावर असतो. ऐकणाऱ्याच्या कानाला एकपणा कळतो तो स्वरांतून, आवाजांतून, वाद्यांच्या नादातून. आणि वेगळेपणा कळतो तो कोण बोलतंय, केव्हा बोलतंय आणि कोणत्या लयीत, यातून. म्हणून काय बदलायचं नाही हे आधी, अगदी सुरुवातीला ठरवायचं आणि मग बाकी सगळं मोकळं सोडायचं. सध्या आम्ही मुठा नदीवर आठ गाणी करतोय. त्या कामात हात कसा बसला, ते टप्प्याटप्प्याने सांगते.

विषय नको, वाक्य हवं

"मुठा नदी" एवढ्यावर अल्बम उभा राहत नाही, कारण त्यात नदीबद्दलचं काहीही बसतं. आम्ही बरेच दिवस घोळ घातला आणि शेवटी एका वाक्यावर आलो: मुठेचं पाणी पंढरपूरला पोचतं. हे काही कविकल्पना म्हणून नाही. मुठा पुणे शहरात संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनी धरणातून पुढे पंढरपूरला जाते आणि तिथे तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे तिला चंद्रभागा म्हणतात. म्हणजे पुण्यात मुक्काम करून दोन पालख्या पायी जातात, आणि शहराच्या मधून वाहणारं पाणी वेगळ्या वाटेने त्याच गावाला जातं.

या वाक्याने एका दमात तीन गोष्टी दिल्या: सुरुवात, शेवट आणि वाहण्याची दिशा. वाक्य बरोबर आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. त्या वाक्यामुळे एखादं चांगलं गाणं बाहेर पडलं पाहिजे. आमच्याकडे पर्वतीच्या पायऱ्यांवर एक सुंदर गाणं तयार होतं, चालीसकट. ते बाहेर गेलं. काहीच बाहेर जात नसेल, तर तुमचं वाक्य अजून फार सैल आहे.

कोण बोलतंय?

वेगळेपणाचा सगळ्यात मोठा साठा इथे आहे आणि आपण तो सोडून वाद्यं बदलत बसतो. पुण्यातच याचा मोठा धडा घडून गेलाय. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी सुरू झालं आणि आठवड्याला एक गाणं याप्रमाणे वर्षभर चाललं. गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली. एकच कथा, जी ऐकणाऱ्या प्रत्येकाला शेवटापर्यंत माहीत होती. तरीही ते एकसुरी झालं नाही, कारण जवळजवळ प्रत्येक गाणं वेगळ्या पात्राच्या तोंडी किंवा वेगळ्या प्रसंगी आहे. कौसल्येचं दुःख, शूर्पणखेचा संताप आणि नाव वल्हवणाऱ्यांचं गाणं एका लयीत येणं शक्यच नव्हतं. आणि हे सगळं बांधून ठेवणारी चौकट म्हणजे कुश-लव. सुरुवातीला ते रामापुढे गायला बसतात, शेवटच्या गाण्यात वाल्मीकी पुन्हा त्यांच्याशीच बोलतात. मधे कथा कुठेही गेली तरी ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की हे दोन मुलगे गातायत.

आम्ही शब्द असलेल्या प्रत्येक गाण्याला वेगळा बोलणारा दिला. उगमाकडच्या गावातली म्हातारी, खडकवासल्याच्या दरवाजांवर रात्रपाळी करणारा माणूस, भिडे पुलावरून रोज कॉलेजला जाणारी मुलगी, १९६१च्या पुरात घर गेलेली बाई, अशी माणसं. त्यांची भाषाही आपोआप वेगळी झाली. म्हातारी मुळशीकडचं बोलते, पुलावरची मुलगी अर्धं इंग्रजी मिसळते. हे शब्द लिहिताना शोधावे लागले नाहीत, माणूस ठरल्यावर ते आले.

शब्दांच्या बाबतीत एक बंधन मात्र घालून घेतलं: "चंद्रभागा" हा शब्द आठव्या गाण्यापर्यंत कुठेही येणार नाही. अशी एखादी राखून ठेवलेली गोष्ट फार काम करते.

भिंतीवरचा तक्ता

एक मोठा कार्डशीट घ्या. आडव्या ओळी म्हणजे गाणी. उभे रकाने: कोण बोलतंय, दिवसाची वेळ, ताल, लय, पट्टी, गाणारा आवाज, पहिल्यांदा ऐकू येणारं वाद्य, अंदाजे लांबी. पेन्सिलीने भरा आणि मग आडवं वाचू नका, उभं वाचा. तालाच्या रकान्यात लागोपाठ तीनदा केरवा दिसला तर थांबा. "पहिलं वाद्य" हा रकाना तर जरूर ठेवा, माझी बासरीची चूक या रकान्याने पाच मिनिटांत दाखवली असती. लांबीतही धीट राहा. सगळी गाणी साडेचार मिनिटांची असण्याचं काही कारण नाही. आमचं एक गाणं सात मिनिटांचं आहे, एक जेमतेम दीड मिनिटाचं.

न बदलणाऱ्या गोष्टी: पाच काळ्या पट्ट्यांची युक्ती

आता या लेखातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. अढळ गोष्टी दोन किंवा तीनच ठेवा. एक पुरत नाही आणि तीनपेक्षा जास्त झाल्या की पुन्हा खिडकीतला पाऊस सुरू होतो. आम्ही तीन ठेवल्या: एकच तानपुरा, पखवाजाचा एक विशिष्ट बोल आणि स्वरांचा एकच संच. पहिल्या दोन कुणालाही सुचतील. तिसरीबद्दल जरा विस्ताराने सांगते.

पेटी समोर घ्या आणि फक्त काळ्या पट्ट्या वापरायच्या असं ठरवा. सप्तकात त्या पाच असतात, डावीकडून काळी एक ते काळी पाच. काळी तीनला षड्ज (सा) मानलंत की त्या पाच पट्ट्या भूप होतात: सा रे ग प ध. आता पट्ट्या त्याच ठेवा आणि फक्त षड्ज हलवा. काळी चार हा षड्ज केला की मेघाचे किंवा मधमाद सारंगाचे स्वर मिळतात: सा रे म प आणि कोमल नी. काळी पाच केला की मालकंस. काळी एक केला की दुर्गा. काळी दोन केला की धानी. जाणकारांना यात नवीन काही नाही, ही मूर्च्छना आहे, षड्ज-चालन. पण अल्बमच्या कामाला ती इतकी चपखल बसते की वहीत हे मांडून झालं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

बघा काय झालं. आठही गाण्यांत तेच पाच स्वर वाजतायत, म्हणून कानाला एकाच पाण्यातून चालल्यासारखं वाटतं. पण मालकंसाचं गांभीर्य आणि धानीचा खेळकरपणा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकपणा आणि वेगळेपणा दोन्ही एकाच कृतीतून आले, एकाचा वाटा कापून दुसऱ्याला द्यावा लागला नाही. आणि राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, हेही लक्षात ठेवायचं. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच, पण भूपात वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, गंधार (ग), देशकारात धैवत (ध). एक रात्रीच्या सुरुवातीचा, दुसरा सकाळचा. आमच्या पहिल्या गाण्यात पहाट आहे म्हणून ते देशकाराच्या अंगाने, धैवतावर मुक्काम करत जातं, आणि शेवटचं, दिवेलागणीचं, भूपात आहे. आठ गाण्यांनी पाणी पुन्हा त्याच पट्टीवर येतं.

आवाजांच्या पट्ट्याही यात सांभाळल्या जातात. आमच्या गायकाला काळी एक सोयीची, म्हणून धरणावरच्या माणसाचं गाणं दुर्गात. गायिकेची काळी चार, म्हणून पुलावरच्या मुलीचं गाणं मधमाद सारंगाच्या स्वरांत, चढ्या केरव्यात. पुराचं गाणं तिनेच काळी पाचमध्ये मालकंसात गायलंय. काळी तीनमध्ये, फार वरचा टप्पा न घेता, दोघांना मिळून गाता येतं, म्हणून पहिलं आणि शेवटचं गाणं समूहाचं.

तबल्याचा प्रश्न आला तेव्हा तर फारच बरं वाटलं. पाच वेगवेगळे षड्ज म्हणजे पाच तबले आणायचे का, असं आमच्या तबलजींनी काळजीने विचारलं. तबला षड्जाला लावतात तसा पंचमाला (प) किंवा मध्यमालाही (म) लावतात. काळी एकचा तबला दुर्गात षड्ज आहे, भूपात तोच पंचम होतो आणि काळी चारच्या गाण्यात मध्यम. काळी दोनचा तबला धानीत षड्ज, मालकंसात मध्यम. मालकंसात पंचम नाहीच, त्यामुळे तानपुराही मध्यमाला लावला होता. दोन तबल्यांत सगळं काम झालं, आणि तोच नाद गाण्यागाण्यांतून पुढे आला हा वरचा फायदा.

तुम्ही रागांवर आधारित काम करत नसाल तरी विचार हाच ठेवा. एखादी चार स्वरांची ओळ घ्या, सा रे ग प अशी. एका गाण्यात ती गिटारवर येऊ दे, दुसऱ्यात तोच गंधार कोमल करून सारंगीवर. नुसता एक स्वर उतरवला की ती शिवरंजनीकडे झुकते आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय बदललं हे न सांगताही ओळखीचं माणूस दुःखात दिसल्यासारखं वाटतं.

आणि नियम केला की तो एकदा मोडायची जागाही ठरवून ठेवा. आमच्याकडे अख्ख्या अल्बममध्ये पांढरी पट्टी एकदाच वाजते. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, त्या दिवसाच्या गाण्यात. बाई सांगत असते की पाणी गल्लीत आलं तेव्हा चुलीवर भात होता, आणि "भात" या शब्दावर व्हायोलिन मालकंसात नसलेला शुद्ध रिषभ (रे) धरतं, पेटीवरची पांढरी एक. तीन सेकंद. वीस-पंचवीस मिनिटं पाचच स्वर ऐकलेल्या कानाला तो रिषभ कसा लागतो, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. रेकॉर्डिंगला काचेपलीकडे बसलेला आमचा तंत्रज्ञ मुलगा खुर्चीतून उठून उभा राहिला होता. तोच रिषभ दोनदा वापरला असता तर नुसता एक स्वर राहिला असता.

क्रम लावताना कीर्तन आठवा

सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात एखादं कीर्तन पूर्ण ऐका, वही घेऊन. बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात आणि त्यावर निरूपण करतात. मग नामगजर. उत्तररंगात आख्यान लागतं, त्यात ओवी, साकी, दिंडी असे पद्यप्रकार येतात, संवाद येतात, हशा येतो. आणि आख्यान रंगून रंगून असं वळतं की बुवा पुन्हा मूळ अभंगाच्या त्याच ओळीवर उभे राहतात, आणि आता त्या ओळीचा अर्थ आपल्याला नव्याने लागतो. क्रम लावायचा तो असा. पहिल्या गाण्यात जे ठेवाल ते शेवटी परत आणा, पण मधल्या गाण्यांनी त्याचं वजन वाढवलेलं असू दे.

शेजारी शेजारी ठेवायच्या दोन गाण्यांसाठी मी एक साधा नियम पाळते: ताल, लय, आवाज आणि मुख्य वाद्य या चारांपैकी एक गोष्ट सारखी, निदान दोन वेगळ्या. सगळंच बदललं तर साखळी तुटते. सर्वांत जड गाणं अगदी शेवटाला ठेवू नका. आमचं पुराचं गाणं पाचवं आहे आणि त्यानंतर लगेच दीड मिनिटाचा, बिनशब्दांचा तुकडा आहे, नुसती सतार आणि पाण्याचा आवाज. ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा लागते. एलपीच्या काळात एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावत, त्यामुळे बाजू पालटताना हा विसावा आपोआप मिळायचा. आता तो आपण मुद्दाम ठेवायचा.

दोन गाण्यांमधली शांतताही मोजून ठेवा. पुरानंतर आम्ही पाच सेकंद सोडली आहेत. धरणाच्या गाण्याचा शेवटचा षड्ज मात्र पुढच्या गाण्यात न तुटता जातो. दुर्गाचा षड्ज काळी एक, पुढचं गाणं भूपाच्या वळणाचं, तिथे तोच पंचम. असे जोड करताना शेपूट नेहमी आधीच्या गाण्याच्या फाइलमध्ये ठेवा. पुढचं गाणं कुणी सुटं लावलं तर ते मधूनच तोडल्यासारखं वाटता कामा नये.

रेकॉर्डिंग

शक्यतो एकच खोली, गाणाऱ्यांसाठी एकच माइक आणि तोंडापासून एकच अंतर. आम्ही जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली होती आणि प्रत्येक टेकचं अंतर, प्रीअँपचा (माइकचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) आकडा, तारीख वहीत लिहीत होतो. आठवी तारीख मिळायला अडीच महिने लागले, वही नसती तर आवाजाचा पोत जुळला नसता. सगळं २४ बिटमध्ये ठेवा.

पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, तिच्यावर आमचा जास्तीत जास्त वेळ गेला आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. कणीक थोडी जास्त झाली की आवाज खाली बसतो, वाळायला लागली की वर चढतो. वादक दर वीस मिनिटांनी पाण्याचा हात फिरवत होते आणि तानपुऱ्याशी कान लावून बघत होते. प्रत्येक गाण्यात एकदाच येणारा तो बोल आठही ठिकाणी सारखा ऐकू यायला हवा असेल, तर ते सगळे बोल एकाच बैठकीत घेऊन ठेवा.

नदीचा आवाज खडकवासल्यातून पाणी सोडलं त्या आठवड्यात, भिडे पुलाजवळ सुरक्षित अंतरावरून घेतला. पात्राजवळ वारा असतो, माइकवर केसाळ आवरण लागतंच. एक सूचना: असा आवाज प्रत्येक गाण्यात घालू नका. आम्ही तीनच ठिकाणी ठेवलाय.

मिक्सिंग, मास्टरिंग आणि कागदपत्रं

इथे लोक सगळी गाणी सारख्या जोराची करतात आणि इतक्या कष्टाने आणलेला चढ-उतार सपाट होतो. गायकाचा आवाज गाण्यागाण्यांत साधारण एका पातळीवर ठेवा, पण म्हातारीचं हळू गाणं हळूच राहू दे. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सच्या (LUFS, आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास पातळी आणतं, आणि अल्बम सलग वाजत असेल तर गाण्यांमधला आपसातला फरक तसाच ठेवतं. म्हणून मास्टरिंग करणाऱ्याला आठही फाइल एकत्र, क्रमाने द्या, सुट्या सुट्या नको. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

कागदपत्रं थोडक्यात. प्रत्येक गाण्याला स्वतंत्र बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो, वितरक बहुतेक वेळा तो देतो. संतांचे अभंग वापरायला मोकळे आहेत, पण त्यांना दुसऱ्या कुणी लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. आपल्याकडे कवी-संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. वादकांची नावं गाण्यागणिक लिहा, एकत्र यादी करून संपवू नका. मुखपृष्ठ आणि गाण्यांची नावं एका माणसाच्या हातून होऊ दे.

सलग ऐकण्याची परीक्षा

अपलोड करायच्या आधीचे चार-पाच दिवस मी रोज एकच काम करते. फोन खिशात, कानात हेडफोन, हातात छोटी वही आणि पेन्सिल, आणि विठ्ठलवाडीपासून नदीकाठाने शहराच्या दिशेने चालायला लागायचं. अल्बम ३८ मिनिटांचा आहे, म्हात्रे पुलाच्या जवळपास संपतो. नियम दोनच: थांबवायचं नाही आणि मागे न्यायचं नाही. जिथे हात खिशाकडे गेला तिथली वेळ लिहायची, जिथे पाऊल नकळत हळू झालं तीही लिहायची. मग हाच फेरा या कामाशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना करायला सांगायचा आणि त्यांच्या वेळा आपल्या वेळांशेजारी मांडायच्या. गेल्या आठवड्यात तिघांच्या वह्यांत २६व्या मिनिटाच्या आसपास खूण होती. सातव्या गाण्याचा दुसरा अंतरा. शब्द चांगले आहेत, गायलंयही छान, पण तो अंतरा धरणावरच्या माणसाचं म्हणणं पुन्हा सांगतो. उद्या दुपारी तो काढतोय.